दूधदराच्या भांडणात गवत कुठे आहे?

महाराष्ट्रात दर दोन-तीन वर्षांनी दुधाचं आंदोलन होतं आणि ते प्रत्येक वेळी एकाच आकड्याभोवती फिरतं. २०१८ च्या जुलैत लिटरमागे पाच रुपयांसाठी शहरांकडे जाणारं दूध अडवलं गेलं. २०२० च्या टाळेबंदीत दर विशीच्या खाली घसरला. २०२३ च्या जुलैत सरकारनं ३.५ टक्के फॅट (स्निग्धांश) आणि ८.५ टक्के एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घनपदार्थ) असलेल्या गायीच्या दुधाला ३४ रुपये जाहीर केले, पण काही महिन्यांतच उत्पादकाच्या हाती सव्वीस-सत्तावीस रुपये पडू लागले. मग २०२४ च्या जानेवारीत लिटरमागे पाच रुपयांचं अनुदान आलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ते सात रुपये झालं. जनावराच्या कानातला बिल्ला, बँक खातं, डेअरीनं भरायची माहिती या सगळ्या अटींतून ते पैसे वाट काढत आले. अनेकांना उशिरा मिळाले, काहींना मिळालेच नाहीत.

दर मिळायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एवढ्या वर्षांच्या आंदोलनांत, निवेदनांत आणि मंत्रालयातल्या बैठकांत एक गोष्ट कधी मागितल्याचं मला आठवत नाही, ती म्हणजे गवत. लिटरला काय मिळतं यावर आपण रस्त्यावर उतरतो, पण लिटरला काय लागतं हा प्रश्न ज्याच्या त्याच्या गोठ्यावर सोडून देतो. तो प्रश्न खाजगी नाही, सार्वजनिक आहे. कमी खर्चाचं दूध शेतकऱ्याच्या काटकसरीतून तयार होत नाही. ते चराऊ जमिनीतून तयार होतं, आणि ही जमीन बहुतेक ठिकाणी गावाची, सरकारची किंवा वनखात्याची आहे.

आधी हिशेब मांडतो. नगर, पुणे, सातारा, सोलापूर या पट्ट्यातली संकरित गाय दिवसाला बारा लिटर दूध देते असं धरू. पशुवैद्यक सांगतात त्या प्रमाणानं तिला शरीरपोषणासाठी दीड किलो आणि लिटरमागे चारशे ग्रॅम पशुखाद्य लागतं, म्हणजे सहा किलोंच्या थोडं वर. पन्नास किलोचं पोतं सोळाशे रुपयांना धरलं तर दिवसाला दोनशे रुपये झाले. दहा किलो मुरघास, म्हणजे हवाबंद साठवलेला हिरवा चारा, किलोला सहा रुपयांनी धरला तर आणखी साठ. २०२३ अखेरच्या सत्तावीस रुपये दरानं दुधाचे आले ३२४. उरले चौसष्ट, आणि त्यातून कडबा, औषधं, गाय भरवणं, वीज, गोठ्याच्या कर्जाचा हप्ता आणि घरातल्या दोन माणसांची पहाटे चारपासूनची मजुरी निघायची आहे. ती निघत नाही.

आता दुसरी गाय बघा. तिला फक्त आठ लिटर दूध आहे. पण जुलै ते ऑक्टोबर ती चांगल्या, फुलोऱ्याच्या आधीच्या गवतावर आणि थोड्या द्विदल चाऱ्यावर आहे. अशा चाऱ्यावर शरीरपोषण होऊन चार-पाच लिटर दूध निघतं आणि वरच्या दुधापुरतं दीड किलो खाद्य पुरतं. खर्च पन्नासच्या आत, दुधाचे आले २१६. या गायीचं दूध चार लिटरनं कमी आहे, पण हातात शंभर रुपये जास्त आहेत. हा हिशेब वर्षभर असाच राहत नाही हे मान्य. जानेवारीनंतर साठवलेलं गवत आणि विकतचा चारा आलाच, शिवाय गवत राखायला माणूस लागतो. तरीही वर्षातले चार-पाच महिने खाद्याचं बिल निम्म्याच्याही खाली आलं, तर सत्तावीस रुपयांच्या दरात तग धरता येतो.

आपल्याकडे दूधवाल्याची प्रतिष्ठा ठरते ती गाय किती लिटर देते यावर. मेळाव्यांतली बक्षिसं तिलाच, फ्लेक्सवर फोटो तिचाच. न्यूझीलंडमधला दूध उत्पादक आपल्या गायीबद्दल असं बोलत नाही. तिथली गाय एका वेतात सरासरी सव्वाचार-साडेचार हजार लिटर देते आणि अमेरिकेतली त्याच्या दुपटीहून जास्त. तरीही त्या देशात तयार होणाऱ्या दुधातलं जवळजवळ सगळं, पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास, भुकटी, लोणी आणि चीजच्या रूपात परदेशी विकलं जातं. १९८४ मध्ये तिथल्या सरकारनं शेतीची अनुदानं काढून टाकली. त्यानंतर टिकायचं तर जगाच्या भावात टिकायचं, एवढंच उरलं. त्यांनी लिटरचा नाद सोडला आणि एका हेक्टरच्या गवतातून किती दूध निघतं हे मोजायला सुरुवात केली. तिथल्या निम्म्याहून अधिक गायी होल्स्टीन आणि जर्सीच्या संकरातून आलेल्या, मध्यम बांध्याच्या आहेत. मोठं शरीर पोसायलाच जास्त गवत लागतं, म्हणून त्यांना मोठी गाय नको असते.

हे आपल्याला दूरचं वाटू नये. महाराष्ट्रात पुष्टकाळात, म्हणजे दूध भरपूर येण्याच्या महिन्यांत, जे दूध पिशवीत जात नाही त्याची भुकटी होते आणि भुकटीचे भाव पडले की डेअऱ्या आपला दर पाडतात. ती भुकटी देशाबाहेर काढायची म्हटली की गाठ पडते ती न्यूझीलंडच्या भुकटीशी, म्हणजे तिथल्या गवताशी. पोत्यातलं खाद्य घालून काढलेलं आपलं दूध त्या बाजारात अनुदानाशिवाय उभं राहत नाही. दरवेळी तोंडघशी पडतो तो इथला दोन-चार गायींचा उत्पादक.

त्यांची पद्धत नुसतं गुरं मोकळी सोडण्याची नाही, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. आपल्याकडे चराई म्हटलं की माळावर दिवसभर तेच ते खुडत फिरणारी गुरं डोळ्यांसमोर येतात. तिथे कुरणाचे तुकडे पाडलेले असतात. कळप एका तुकड्यात बारा किंवा चोवीस तास राहतो आणि पुढे सरकतो. सरकवायला विजेच्या कुंपणाची एक तार पुरते. ही तार १९३० च्या दशकात हॅमिल्टनच्या बिल गॅलाघरनं रुळवली. चरलेल्या तुकड्याला वसंतात वीस-पंचवीस दिवस आणि थंडीत त्याच्या तिप्पट-चौपट विश्रांती मिळते. राय गवताला तीन पानं आली की जनावर आत घ्यायचं आणि चार-पाच सेंटिमीटर खुंट राहिला की बाहेर काढायचं. सगळा कळप एकाच हंगामात विणार असं नियोजन असतं, कारण दुधाचा भर आणि गवताचा भर एकाच वेळी यायला हवा. मालक आठवड्याला एकदा कुरणातून फिरून गवताची उंची मोजतो. या सगळ्यात महागडं यंत्र एकही नाही, रोजची नजर मात्र आहे.

आपण गेल्या पन्नास-साठ वर्षांत बाहेरून गाय घेतली. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरळीकांचनला बाएफ ही ग्रामविकासाची संस्था उभी केली आणि गोठवलेलं रेत शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलं. त्या कामानं हजारो कोरडवाहू घरांत रोजचा पैसा आला आणि त्याचं मोल कमी होत नाही. पण गायीबरोबर कुरणाची शिस्त आली नाही. राहुरीच्या विद्यापीठानं फुले जयवंतसारखं संकरित नेपिअर गवत दिलं, बांधाबांधावर दशरथ घास आला, पण ही सगळी पाण्याच्या जमिनीवरची पिकं आहेत. ज्याच्याकडे विहीर आहे त्याचीच ती सोय. माळरानाच्या गवताकडे कोणी वळलं नाही. त्याआधीच्या सरकारांना ही जाण होती. १९४९ मध्ये मुंबईतले म्हशींचे तबेले गोरेगावला आरेत हलवले, तेव्हा तिथे गोठ्यांबरोबर पॅरा गवताची शेतंही आखली होती. म्हशींना जागा द्यायची तर चाऱ्यालाही जागा द्यायला हवी, हे तेव्हाच्या सरकारला वेगळं सांगावं लागलं नव्हतं.

आपल्या डोंगरउतारांवर आणि माळांवर मूळचं गवत वाईट नाही. पवन्या आणि मारवेल ही दोन्ही गवतं जनावर आवडीनं खातं. सतत ओरबाडल्यानं ती मागे हटतात आणि कुसळी पुढे येते, तीही जनावराच्या तोंडात टोचणारी कुसळं धरलेली. त्यातही आपण कापणी चुकीच्या वेळी करतो. गवत राखतो, पण कापतो दिवाळीनंतर, बी झडून काड्या उरल्यावर. फुलोऱ्याच्या आधी ज्या गवतात आठ-नऊ टक्के प्रथिनं असतात, त्याच गवतात वाळल्यावर तीन-चार टक्के उरतात. नवरात्राच्या सुमारास, पावसाची उघडीप साधून कापलेलं आणि नीट वाळवून रचलेलं गवत आणि नोव्हेंबरात कापलेलं पिवळं गवत, गंजी सारखीच दिसते, पण दुधाला फरक पडतो. मधल्या पावसानं कापलेलं भिजतं, ही अडचण खरी आहे. म्हणून सगळं एकदम कापू नये, तुकड्यातुकड्यानं कापावं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. चराईनंच तर माळ उजाड झाले, नगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारनं चराईबंदी केली म्हणूनच तिथे गवत आलं, मग तुम्ही पुन्हा चराई कशाला सांगता? हिवरेबाजारचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे असं मी मानतो. सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकारानं त्या गावानं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, पण गवत कोणासाठी बंद केलं नाही. विळ्यानं कापून डोक्यावर नेण्याची मुभा दिली. नव्वदच्या दशकात दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास दूध काढणारं ते गाव पुढे चार हजार लिटरपर्यंत गेलं. गवताला विश्रांती कधी आणि उचल कधी हे गावानं ठरवलं आणि पाळलं, एवढंच तिथलं रहस्य. न्यूझीलंडचा शेतकरी जे तारेनं करतो ते हिवरेबाजारनं ग्रामसभेच्या ठरावानं केलं. मोकाट चराई आणि राखलेली चराई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीनं माळ बोडका होतो. दुसरीनं गवत दाट होतं, कारण वेळेवर खुडलेलं गवत फुटवे धरतं आणि शेणमूत जिथल्या तिथे पडतं.

मोठ्या अडचणी त्यापुढच्या आहेत आणि त्या गवताच्या नाहीत, जमिनीच्या आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नं गावातली सरकारी जमीन गुरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवता येते आणि कलम २३ नं त्या चराईचा हक्क त्याच गावच्या गुरांना आहे. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्र सरकारनं गायरानं दुसऱ्या कामांसाठी देण्यावर बंधन घालणारा निर्णय काढला. कागदावर गायरान सुरक्षित आहे. प्रत्यक्षात कार्यालयाला जागा हवी, मुरूम हवा, कचरा टाकायला जागा हवी, की पहिलं बोट गायरानावर जातं. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी दिल्या जात आहेत आणि त्यांत गायरानं आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी शेतकऱ्याचीच आहे, ती योग्यही आहे. पण पॅनेल उंच बसवून खाली मेंढरं, वासरं चरू द्यावीत, अशी एक ओळ करारात घालणं अवघड नव्हतं. ज्यांची गुरं त्या माळावर होती त्यांना विचारलं असतं तर त्यांनी ती सुचवली असती.

गायरानाचा विषय काढला की भूमिहीनांचा विषय निघतो आणि निघायलाच हवा. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये उभ्या केलेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून मराठवाड्यातल्या नंतरच्या लढ्यांपर्यंत, दलित आणि भटक्या कुटुंबांनी गायरानावर कसून पोट भरण्याचा हक्क मागितला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, आणि आजही कित्येकांच्या नावावर सातबारा झालेला नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयानं गायरानांवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, तेव्हा सव्वादोन लाखांच्या आसपास अतिक्रमणांचा आकडा पुढे आला आणि नोटिसा सगळ्यात आधी पोचल्या त्या गरिबांच्या घरांवर. दुधासाठी गायरान हवं म्हणणाऱ्यांनी हे पक्कं धरून चालावं, की तीस-चाळीस वर्षं कसणाऱ्या भूमिहीनाला उठवून तयार केलेलं कुरण आपल्याला नको. त्यांचे पट्टे आधी पक्के करा. जे उरलं आहे, आणि अजून बरंच उरलं आहे, त्याची राखण करा. भूमिहीन बाईकडेही दोन शेळ्या आणि एक गाय असते. राखलेल्या गायरानातल्या गवतावर तिचा वाटा बागायतदाराच्या आधी लागायला हवा, कारण बागायतदाराला नेपिअर लावता येतं.

वनजमिनीची गोष्ट अशीच आहे. वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा भागातले नंदागवळी गवळाऊ गायींचे कळप पिढ्यान्‌पिढ्या जंगलात चारत आले. सह्याद्रीच्या माथ्यावर गवळी धनगरांच्या म्हशी, इगतपुरी-अकोले भागातल्या पावसात डांगी गायी. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पण सामूहिक दाव्यांत बांबू आणि तेंदूपत्त्यावर जेवढं बोललं जातं त्याच्या पासंगालाही चराई पुरत नाही. कमी खर्चाचं दूध म्हणजे काय हे ज्यांना पिढीजात कळतं, त्यांनाच आपण जंगलाचे शत्रू ठरवून बाहेर ठेवतो.

आणि पैसा नाही असं कोणी सांगू नये. २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांमध्ये मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये मिळत होते, ते पुढे १०० केले गेले. बीड, नगर, सोलापूर, उस्मानाबाद भागात लाखो जनावरं महिनोन्‌महिने छावणीत होती आणि खात काय होती, तर ऊस आणि वाढे. जनावरं जगली, म्हणून छावण्यांना नाव ठेवणार नाही. पण तसाच पैसा आधी खर्च केला तर माळ दगडी बांध घालून, स्टायलो या द्विदल चाऱ्याचं आणि मारवेलचं बी टाकून उभा करता येतो, असं मला या कामाकडे पाहून वाटतं. उजाड माळावर हेक्टरी टनभरही वाळलं गवत मिळत नाही. राखलेल्या, सुधारलेल्या माळावर चांगल्या पावसाच्या वर्षी तीन टनांपर्यंत मिळू शकतं. शंभर हेक्टरच्या गायरानातून तीनशे टन धरलं, तर ऐंशी गायींचा वर्षाचा किंवा दीडशे-पावणेदोनशे गायींचा निम्म्या वर्षाचा चारा झाला. सगळ्या गावाची गरज यातून भागणार नाही. पण ज्या घरात एक-दोन गायी आहेत आणि पाणी नाही, त्या घरांची भागते.

ज्वारीचा विषयही याच हिशेबात येतो. ज्वारीचं क्षेत्र घटत गेलं, सोयाबीन आणि ऊस वाढला, आणि घरच्या कडब्याची जागा विकतच्या कडब्यानं घेतली. ज्वारीचा हमीभाव दाण्याला असतो, कडब्याला नसतो. तो मिळाला तर कोरडवाहू भागातला शेतकरी ज्वारीकडे परत वळेल.

एका प्रश्नावर आपल्या दूध चळवळीत लोक खाजगीत बोलतात आणि व्यासपीठावर गप्प बसतात. कमी खर्चाच्या कळपात दूध न देणारं जनावर फार काळ ठेवता येत नाही, कारण गवत मोजकं असतं. गायींची कत्तल कायद्यानं आधीच बंद होती, २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर संकरित गोऱ्हे विकण्याची वाटही बंद झाली आणि रात्री रस्त्यावर सोडलेली गुरं दुसऱ्याचं पीक खाऊ लागली. कायदा ठेवायचा असेल तर अशा जनावरांच्या चाऱ्याचा खर्च सरकारनं उचलावा, तो दोन गायींच्या मालकावर टाकू नये. लिंगनिर्धारित रेतमात्रांनी, म्हणजे बहुतेक कालवडीच जन्माला येतील अशा रेतानं, गोऱ्ह्यांचा प्रश्न थोडा हलका होईल, भाकडांचा होणार नाही.

न्यूझीलंडची नक्कल जशीच्या तशी करावी असं मी म्हणत नाही. तिथे दुधाच्या हव्यासात युरिया ओतला गेला, कॅन्टरबरीसारख्या भागात भूजलात नायट्रेट उतरलं, आणि शेवटी २०२१ पासून कुरणाला हेक्टरी वर्षाला १९० किलो नत्राची मर्यादा घालावी लागली. आपला उन्हाळा त्यांच्याकडे नाही. वीस लिटरची होल्स्टीन एप्रिलच्या उन्हात माळावर सोडली तर ती आजारी पडेल. आपल्याला निम्म्या विदेशी रक्ताची संकरित गाय, गीरचं रक्त असलेली गाय किंवा पंढरपुरी म्हैस हवी. उन्हाळ्यात त्यांना सावलीत ठेवायचं आणि चराईला पहाटे नि संध्याकाळी काढायचं. कुंपणाची तार मात्र आपल्याकडे आधीच आहे. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून गावोगाव झटका मशीन बसवलेली आहेत. तेच मशीन गायरानाचे तुकडे पाडायला चालतं. अडचण आहे ती गुराख्याची. पूर्वी गावाचा एक गुराखी असे, घरटी धान्य आणि थोडे पैसे देऊन. आता पोरं शाळेत आहेत, आणि तिथेच राहावीत. मोठ्या माणसाला शेतमजुरीएवढा रोज देऊन सामायिक गुराखी ठेवायचा तर ते पैसे दहा-पंधरा घरांत वाटता येतात. एकट्या घराला तो परवडत नाही, म्हणून सगळे दावणीला बांधून पोतं फोडतात.

तेव्हा पुढच्या आंदोलनाच्या निवेदनात लिटरच्या दराखाली आणखी काही ओळी असाव्यात. गायरानाची मोजणी आणि हद्द. भूमिहीनांचे पट्टे. छावणीऐवजी चांगल्या पावसाच्या वर्षी गवतावर खर्च. वनहक्कात चराईचे दावे. दूध संघांनी खाद्याची पोती विकण्याबरोबर गवताचं बीही ठेवावं, आणि त्यांच्या डॉक्टरांनी गोठ्यावर आल्यावर माळावरही एक फेरी मारावी.

गावानं मात्र कोणाची वाट बघू नये. १ मेच्या ग्रामसभेत ठराव करता येतो की गायरानाचे चार भाग पाडायचे, मृगापासून दीड महिना चारही भाग बंद ठेवायचे, कारण त्या दिवसांत कोवळं फुटलेलं गवत खुडलं की मुळांतला साठा संपतो. त्यानंतर तीन भाग पाळीनं चरायचे आणि चौथा नवरात्रात कापायचा. दरवर्षी राखीव भाग बदलायचा. किती घरांची किती जनावरं, शेळ्यांना कोणता भाग, डोक्यावरच्या भाऱ्याला परवानगी कोणाला, गुराख्याचा रोज किती, हे सगळं त्याच ठरावात यावं. नियम मोडला तर दंड किती आणि तो कोणी वसूल करायचा, हेही नावानिशी लिहून ठेवावं. ते लिहिलं नाही तर गणपतीपर्यंत चारही भागांत सगळ्यांची गुरं शिरलेली असतात.